सोडू नको, सोडव

प्रवरेच्या काठी कुंभेवाडी नावाचे एक लहानसे गाव होते. एका श्रावणात शांतिदास महाराज तेथील ख्रिस्ती वस्तीत येऊन उतरले. खांद्यावर घोंगडी, हातात चिपळ्या आणि मुखी येशूचे नाम, एवढाच महाराजांचा संसार. एका गावी तीन दिवसांवर राहायचे नाही असा त्यांचा नेम. पण इथे सगुणाबाई सुईणीच्या ओट्यावर पाचवा दिवस उजाडला, तरी महाराज हलेनात. कोणी विचारले तर हसून म्हणत, "अरे, या घरची प्रार्थना फार गोड आहे. पाय निघत नाही."

आता सगुणाबाईची प्रार्थना म्हणजे गावाच्या चेष्टेचा विषय! बाईला अक्षरओळख नव्हती. प्रभूने शिकवलेली प्रार्थना तिने ऐकून ऐकून पाठ केली होती. "आम्हांस परीक्षेत आणू नको, तर आम्हांला वाइटापासून सोडव," ही त्यातली ओळ सगळे म्हणत. सगुणाबाई मात्र म्हणे, "आम्हांस परीक्षेत सोडू नको, वाइटापासून सोडव."

हे असे झाले कसे, ते तिचे तिलाच ठाऊक होते. प्लेगच्या साली आठ दिवसांत तिचा धनी गेला, पाठोपाठ दोन मुलगे गेले. पहिल्या दिवशी ती सगळ्यांसारखीच 'आणू नको' म्हणाली. आठव्या दिवशी रिकाम्या घरात गुडघे टेकले, तेव्हा तोंडातून आपोआप 'सोडू नको' आले. त्यानंतर दुसरे काही येईचना.

वस्तीच्या शाळेचे लूकस मास्तर मोठे शिकलेले. पवित्र शास्त्र त्यांना तोंडपाठ, आणि ते तोंडपाठ आहे हे सगळ्यांना ठाऊक असावे याचीही काळजी ते घेत! पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या नावाने मोडलेली भाकर घ्यायला, कोणाला बसवायचे ते एरवी मास्तरच ठरवत. त्या रविवारी भर उपासनेत त्यांनी सगुणाबाईला उभे केले.

"बाई, एका दमात 'सोडू नको' म्हणता आणि लगेच 'सोडव' म्हणता! देवाने करायचे तरी काय? धरायचे की सोडायचे?"

बायका पदराआड हसल्या. सगुणाबाई खाली बघत म्हणाली, "मास्तर, अडल्या बाईची सुटका करायची तर सुईण तिला सोडून जाती व्हय? धरल्याबिगर सोडवता येत न्हाई."

मास्तरांची कानशिले तापली. "शास्त्राला सुईणपण शिकवता? ओळ नीट येईपर्यंत प्रभुभोजनाला बसायचे नाही!"

बिचारी उठून दाराशी जाऊन बसली. त्या भाकरीच्या तुकड्यावरच तर ती तीन माणसांचे दुःख पचवीत आली होती! संध्याकाळी महाराजांपाशी ती ढसाढसा रडली. "महाराज, म्या चुकीचं म्हणते का वो?"

महाराजांनी डोळे पुसले. तिचे नव्हे, स्वतःचे. "माय," ते म्हणाले, "म्हणत राहा. ऐकणारा वेगळा आहे."

दुसऱ्या दिवशी महाराज नावेने पलीकडच्या गावी कीर्तनाला गेले. त्याच रात्री प्रवरेला पूर आला आणि नाव खुंट्याला अडकली. पुराचे पाणी विहिरीत शिरले, आणि कुंभेवाडीत पटकीची साथ सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लूकस मास्तरांची सुवार्ता आजारी पडली. आठ वर्षांची एकुलती एक लेक. आई मागेच वारलेली. ढाळ आणि वांत्या थांबेनात. डॉक्टर नदीपलीकडे. मास्तरांनी शेजारची चार दारे ठोठावली. एकही उघडले नाही. परत येऊन बघतात तो चुलीपाशी सगुणाबाई! तांदळाच्या पेजेची निवळ काढून ती त्यात मीठ घालीत होती.

"तुम्ही?" मास्तर उंबऱ्यातच थबकले.

"ह्याच हातांनी तिला जगात आणलीया मास्तर. सरका, चमचा द्या."

चमचा चमचा निवळ ती पोरीच्या ओठांत सोडीत राहिली. पण दुपार झाली तसे पोरीचे डोळे खोल गेले, हातपाय बर्फासारखे गार पडले. मास्तरांनी मनगट चाचपले. नाडी लागेना.

"पुरे, सगुणाबाई. गेली माझी पोर!" मास्तर गुडघ्यांवर कोसळले. प्रार्थना सुरू केली, "आम्हांस परीक्षेत आणू..." आणि जीभ अडली. परीक्षा तर घरात येऊन बसली होती. आता काय आणू नको म्हणायचे? एवढ्या पाठ केलेल्या शास्त्रातला एक शब्द त्या माणसाला सापडेना.

सगुणाबाईने पोरीचे डोके मांडीवरून खाली ठेवले नाही. ती म्हणाली, "बापा, आम्हांस परीक्षेत सोडू नको." मास्तर लहान मुलासारखे रडत तिच्या मागोमाग म्हणू लागले, "सोडू नको, बापा, सोडू नको!"

तेवढ्यात दारात सावली पडली. खांद्यावर घोंगडी. शांतिदास महाराज! ते पोरीच्या पायांशी बसले आणि सुंठीची पूड घेऊन थंडगार तळवे चोळू लागले. "माय, निवळ थांबवू नकोस," एवढेच म्हणाले. सगुणाबाईच्या जिवात जीव आला. कामाच्या धांदलीत महाराज नदी ओलांडून आले कसे, हे विचारायचेही तिला सुचले नाही. तळव्यांवर हात फिरतच होता, चमचा चालूच होता, आणि ऊन कलताना पोरीने डोळे उघडले.

"बाबा, थंडी वाजते."

केवढा आनंद झाला, म्हणून सांगू! सगुणाबाई महाराजांकडे वळली, तर पायांशी कोणीच नव्हते. पोरीच्या तळव्यांना सुंठ तेवढी लागलेली होती.

सकाळी पूर ओसरला आणि पहिल्या नावेतून महाराज उतरले. काठावर डॉक्टरांची वाट बघत उभे असलेले मास्तर धावत जाऊन पाया पडले. "महाराज, काल आपण आला नसता तर..."

नावाडी भिकू हसू लागला. "मास्तर, डोकं फिरलं काय? तीन दिवस नाव बांधलेली. महाराज माझ्याच झोपडीत व्हते. काल तर डोळे मिटून बसले, भाकरीलाबी शिवले न्हाईत."

मास्तर पांढरेफटक पडले. महाराज पाय मागे घेत हलक्या आवाजात म्हणाले, "मी नव्हतो रे. मी त्या काठी नुसता रडत होतो. तुम्ही ज्याला हाक मारली, तो आला होता. माझी घोंगडी पांघरून आला, एवढेच. पाया पडायचे तर जिने त्याला बोलावले तिच्या पड."

सगुणाबाई मागेच उभी होती. मास्तरांनी पागोटे काढले आणि भर काठावर, गावादेखत, तिच्या चिखलाच्या पायांवर डोके ठेवले.

"मावशी, मी तुम्हाला प्रभूच्या मेजावरून उठवले. मला क्षमा करा."

"अगं बाई! उठा मास्तर, हे काय भलतंच!" ती अवघडून गेली. पण मास्तरांचे खांदे हलत होते, ते काही उठेनात. तेव्हा तिने वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या मुलांना समजवावे तशी म्हणाली, "रडा, रडा. दोन वर्सं आई नसलेली पोर सांभाळलीया तुम्ही एकट्यानं. थकला असाल."