चोचीतली उंबरं

एका जंगलात, नदीकाठच्या जुन्या सावरीच्या ढोलीत, एक धनेश पक्षी आणि त्याची बायको राहत असत. पोरांनो, धनेशाच्या घरची रीत ठाऊक आहे ना? अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि चिखलाने आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते, बस. आत तिची पिसंही झडतात, म्हणजे उडायची सोय नाही. मग दोन-अडीच महिने नराने उंबरं गळ्यात भरून आणायची आणि एकेक करून फटीतून आत द्यायची. तो आला नाही तर आतली सगळी उपाशी. त्या वर्षी आत दोन पिल्लं होती. धनेश दिवसाला दहा खेपा मारी आणि स्वतः अर्ध्या पोटी झोपे.

त्याच उन्हाळ्यात सिंहाच्या कारभाऱ्याने, म्हणजे कोल्ह्याने, दवंडी पिटवली. जो कोणी जंगलात दाणा-फळ मिळवील त्याने ते घेऊन दरबारात यायचं आणि सहावा हिस्सा द्यायचा. ज्याच्यापाशी देण्याजोगं काही उरत नसेल, त्यानेही यायचं आणि तसं दाखवून जायचं. आला नाही तो चोर. अस्वलाला काय त्याचं? त्याने मध कपारीत दडवला आणि एक पोळं कोल्ह्याच्या घरी पोचतं केलं. त्याची हजेरी घरबसल्या लागली. मरण आलं ते खारीचं, मुंगीचं, धनेशाचं.

"अहो, आज नका जाऊ," फटीतून बायको म्हणाली. "धाकटा कालपासून मान टाकतोय."

"न जाऊन कसं चालेल? चोर ठरवतील आणि ढोलीच काढून घेतील. दाखवतो आणि उडत परत येतो." एवढं बोलून धनेशाने गळा उंबरांनी भरला आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं, कललं, तेव्हा कुठे त्याची पाळी आली.

"किती मिळवलंस?" कोल्ह्याने विचारलं. धनेश काय बोलणार? बोलायला चोच उघडली की उंबरं मातीत. त्याने नुसती मान हलवली.

"जीभ घरी ठेवून आलास का रे?"

मागून खार म्हणाली, "अहो कोल्होबा, त्याचा गळा भरलाय. घरच्यांचा घास आहे तो."

"तू आपली शेपटी सांभाळ. बोलत नाही म्हणजे लपवतोय. याचा हिस्सा दुप्पट. आणि माकडांनो, त्या ढोलीचं दार फोडा. आत किती साठवलंय ते बघून या."

दार फोडा म्हटल्यावर धनेशाच्या अंगाची आग झाली. त्याने सगळी उंबरं कोल्ह्याच्या पायांवर ओकून टाकली.

"घे, मोज. अकरा आहेत. यातलं एकही माझं नाही. आत बिनपिसांची बाई बसलीय, दोन लेकरं बसलीत. दार फोडलंस की मागून साप शिरेल. ते काय तुझ्या हिशोबात धरणार आहेस?" मग तो मागे पहुडलेल्या सिंहाकडे वळला. "महाराज, अकरातली दोन तुम्हाला द्यायची म्हणून माझ्या आज सात खेपा बुडाल्या. आणि तुम्ही तर उंबर खात नाही. मग ही जातात कुणाच्या पोटात?"

सिंह काही दुष्ट नव्हता. पण त्याचं पोट भरलेलं होतं, आणि भरल्या पोटाला शेजारची भूक दिसत नाही. तो उठून बसला. "खरंच रे कोल्ह्या, कुठे जातात?"

"मोजणाऱ्यांना लागतात, महाराज."

"आणि उरतं किती?"

कोल्ह्याने खाली बघितलं. "उरत नाही. कधी कधी कमीच पडतं."

"म्हणजे आम्हाला मोजणाऱ्यांना आम्हीच जेवू घालतोय," खार म्हणाली. "आणि अस्वलाच्या कपारीकडे कुणी फिरकत नाही."

सिंहाला आपल्याच दरबाराची लाज वाटली. तो म्हणाला, "ज्याचं मिळवलेलं दिवस मावळेतो घरच्यांच्याच पोटात संपतं, त्याच्याकडून आजपासून काही घेऊ नका. आपल्यापाशी काही नाही हे सांगायलाही त्याला इथे बोलावू नका. माकडांनो, त्या ढोलीला हात लावू नका. कोल्ह्या, तू अस्वलाकडे चल. मीही येतो."

धनेशाने एकेक उंबर उचललं आणि तो सरळ ढोलीकडे उडाला. धाकट्याने पहिलं उंबर गिळलं, दुसरं गिळलं, तिसऱ्यासाठी भांडू लागला. मग खेपा कधी चुकल्या नाहीत. जेठ महिन्याच्या शेवटी आईने चोचीने दार फोडलं. नवी पिसं ल्यालेली आई आणि दोन टपोरी पिल्लं बाहेर आली, आणि त्या दिवशी चौघांनी उंबराच्या एकाच झाडावर बसून पोटभर खाल्लं.

तात्पर्य : ज्याची कमाई रोज घरच्यांच्या पोटातच संपते, त्याच्याकडे हिस्सा मागू नये, आणि आपण गरीब आहोत हे दाखवून देण्यासाठी त्याचा दिवसही बुडवू नये.