धाकूचं पाणी

आमच्या खाडीवर पूल नव्हता, धक्का नव्हता, नुसता चिखलाचा उतार आणि एक होडी होती, त्या काळची ही गोष्ट. ती होडी धाकू तारी चालवायचा. अलीकडे आमचं मांडवशेत, पलीकडे खारगाव, आणि मधे एवढं रुंद पाणी की या काठाची हाक त्या काठाला पोचायचीच नाही. वारा ती मधेच उचलून समुद्राकडे न्यायचा.

म्हणून धाकू हाका ऐकत नसे. तो माणसं बघायचा. पलीकडे कोणी गाठोडं खाली ठेवून उभा असला, तर त्याला सवड आहे. गाठोडं डोक्यावरच आणि या पायावरून त्या पायावर चाललंय, तर घरी कोणी आजारी आहे. दोघं आले आणि दोघांची तोंडं दोन दिशांना, तर वाटेत भांडण झालंय, यांना होडीच्या दोन टोकांना बसवायचं. असं बघता बघता त्याची नजर तयार झाली. असं म्हणतात, माणूस पाठमोरा असला तरी खांद्यांवरून धाकू सांगायचा, हा आज जेवलेला नाही. असं म्हणतात, बगळ्याच्या मानेवरून तो सांगायचा, मासा कुठल्या बाजूला आहे. गावात तंटा झाला की पंच त्याला मागे बसवायचे. तो मधे बोलायचा नाही. उठताना एवढंच म्हणायचा, "तोंडं पुष्कळ बोलली. आता याच्या हातांना विचारा, मघापासून धोतराचा सोगा का पिळतायत."

"माणूस तोंड सांभाळतो," तो म्हणायचा. "पावलांकडे त्याचं लक्ष नसतं."

गावात येसू नावाची मुलगी होती, खारगावला दिलेली. आईबाप नव्हते. एक धाकटा भाऊ होता, भिवा. येसू सणाला माहेरी आली, चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी तिचा दीर न्यायला आला. भिवानं बहिणीला उतारावर आणलं आणि विचारलं, "ताई, बरं आहे ना तिकडे?"

येसू हसली. "बरं आहे रे. मला काय धाड भरलीये?"

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला माणसं भिवासाठी थांबली होती. त्यानं बहिणीचं गाठोडं होडीत टाकलं आणि तो पळत सुटला.

होडीत येसू, तिचा दीर आणि माशांची पाटी घेतलेली गोदा म्हातारी. येसू गोदाशी हसून बोलत होती. दीरही गोड बोलत होता. "वहिनी, ऊन लागतंय का?"

धाकूनं तिच्या पावलांकडे पाहिलं. पाणी शांत होतं, होडी हलतही नव्हती. पण येसूच्या पायांच्या बोटांनी फळी गच्च धरली होती, घोरपड कडा धरते तशी. दीर बोलायला लागला की तिच्या पायांचे अंगठे आणखी आत वळत होते.

खाडीच्या मध्यावर धाकूनं वल्हं आत घेतलं.

"काय झालं?" दीर म्हणाला.

"काही नाही. दम खातो."

"जन्मभर वल्हवलंस आणि आजच दम लागला?"

गोदा ओरडली, "मेल्या, तुझा दम खाऊन होईस्तोवर माझे बांगडे सडतील!"

"सडू देत गो गोदे," धाकू म्हणाला. "आज काही सडायचंच असेल, तर बांगडे सडलेले बरे."

ओहोटीची वेळ झाली होती. ओहोटी लागली की होडी आपसूक खारगावच्या अंगाला ओढली जायची. पण असं म्हणतात, त्या दिवशी ओहोटी लागलीच नाही. पाणी जागच्या जागी थांबलं. चिखलातले खेकडे बिळांच्या तोंडाशी वाट बघत बसले.

धाकूनं येसूला काही विचारलं नाही. तो तिच्यासमोर खाली बसला, खाडीतून ओंजळभर पाणी घेतलं आणि तिच्या पावलांवर सोडलं. मग दुसरी ओंजळ. मग तिसरी. तिसऱ्या ओंजळीला बोटं सुटली.

"धाकूकाका," येसू म्हणाली, "मला तिकडे उतरवू नका. या खेपेला गेले तर जिवंत परत यायची नाही."

दीर ताडकन उठला. "ही आमच्या घरातली गोष्ट आहे. तू तारी आहेस, पलीकडे सोड!"

"तुला सोडतो की. आधी हिला घरी सोडतो."

गोदानं पाटीतली मासे कापायची कोयती काढून मांडीवर ठेवली. "बस बाबा खाली," ती दिराला म्हणाली. "होडी डुलते."

होडी मांडवशेताकडे वळली. असं म्हणतात, त्यानंतरच ओहोटी सुटली, आणि तीही होडीला वाट करून देत दोन्ही बाजूंनी गेली.

भिवा दोर टाकून धावत आला. "ताई, मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस," येसू म्हणाली, "तेव्हा तुझे पाय रापणीकडे वळलेले होते."

भिवा तिथेच चिखलात बसला. येसू पुढे वल्हवायला शिकली. धाकू गेल्यावर ती होडी म्हातारपणापर्यंत तिनंच चालवली.

आता पूल झालाय. खारगाव पाच मिनिटांवर आलंय. तरी आमच्याकडे लेक सासरी निघाली की भाऊ तिला आधी जुन्या उतारावर नेतो. तिथे त्यानं खाली बसायचं, तिची पावलं हातात घ्यायची आणि तीन ओंजळी पाणी सोडायचं. बोटं सुटली तर निरोप. नाही सुटली तर गाडी माघारी, घराकडे. कारण विचारायचं नाही. याला धाकूचं पाणी म्हणतात.

ते उभ्यानं घालायचं नसतं. गेल्या माघात मी उभ्यानं घातलं, तांब्यानं, कारण रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. माझी सुमनताई हसत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ताई परत आली नाही.

तेव्हापासून गावातल्या ज्या लेकीला भाऊ नाही, किंवा जिचा भाऊ लांब आहे, तिला उतारावर मी नेतो. खाली बसतो. तिसरी ओंजळ झाली तरी उठत नाही. हॉर्न वाजतो, वाजू दे.

दिवाळीनंतर एकीची बोटं सुटली नाहीत. गाडी माघारी वळवली. कारण कोणी विचारलं नाही.