डिस्ट्रिब्युटरची कॅप

मोटारी हँडल मारून सुरू होत, त्या काळची गोष्ट. एका मोटारीत डिस्ट्रिब्युटरची कॅप चारही प्लगांना ठिणगी वाटून द्यायची. एकदा तिला बारीक तडा गेला आणि गाडी अडखळू लागली. ‘कळलं तर मला काढून टाकतील,’ या भीतीने ती गप्प राहिली.

नझीर मिस्त्रीला वाटलं, प्लगच बिघडले. त्याने चौघांनाही भंगाराच्या डब्यात टाकलं. “अगं, आमचं काय चुकलं?” त्यांनी विचारलं. कॅप बोलली नाही.

नवे प्लग आले, तरी गाडी अडखळतच होती. त्या अनोळखी प्लगांमध्ये कॅपला करमेना. अखेर तीच म्हणाली, “मिस्त्री, तडा माझ्यात आहे.”

“आधी का नाही बोललीस?” म्हणत नझीरने तिलाही त्याच डब्यात टाकलं.

जुन्या प्लगांनी सरकून तिला जागा दिली. बोललं मात्र कुणीच नाही.