न्हाणीघराची फरशी

“...पण मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर, बुवा?”

नीलकंठरावांनी हे विचारले तेव्हा निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलीत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणाविषयी म्हणता?”

“सोपान कुदळे. फरशीचा कंत्राटदार.”

“अस्सं. मला वाटले, परमेश्वराविषयी विचारता आहात.”

नीलकंठरावांना हसू आले नाही. पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवलेला हा गृहस्थ. मोठमोठी धरणे त्यांच्या नजरेखाली उभी राहिली होती. आज मात्र एका न्हाणीघराने त्यांना जेरीस आणले होते. येत्या सोमवारी त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई रुग्णालयातून घरी यायच्या होत्या, आणि घरचे न्हाणीघर उखडलेले पडले होते.

त्याच न्हाणीघरात, जुन्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरून, प्रमिलाबाईंच्या खुब्याचे हाड मोडले होते. दाराला आतून कडी. बाहेर नीलकंठराव थापा मारीत होते, आत नळ वाहत होता, आणि... त्या पाण्याखेरीज कसलाच आवाज येत नव्हता. शेजाऱ्यांनी पहार आणून दार फोडले. तोवरचा तो वेळ नीलकंठरावांच्या मनातून अद्याप सरला नव्हता.

“नीट सांगा,” बुवा म्हणाले.

नीलकंठरावांनी सांगितले. खरखरीत फरशी त्यांनी स्वतः निवडली. कंत्राटदारही डोळे मिटून नेमला नाही. सोपानने ज्यांची कामे केली होती त्यांच्या घरोघरी ते गेले, परक्यांच्या न्हाणीघरांत तांब्याने पाणी ओतले आणि ते जाळीकडे वळते की नाही, हे वाकून पाहिले.

“लोकांनी चहा तरी दिला का?”

“एकाने दिला,” नीलकंठराव गंभीरपणे म्हणाले.

“मग बिघडले कुठे?”

“फरशी बसली की मी घराच्या किल्लीने ठोकून पाहत असे. खाली पोकळी राहिली असेल, तर आवाज निराळा येतो. एक पोकळ वाजली. ती उखडायला लावली. पुन्हा बसवली, पुन्हा ठोकली... आता तिच्या शेजारची वाजू लागली. तेव्हा सोपान मला म्हणतो, ‘सायेब, शिमिट धरायच्या आत ठोकताय, म्हणून ती सुटतीय. तुमच्या हातात ती किल्ली हाय तवर हे काम माझ्यानं व्हायचं न्हाई.’ आणि गेला निघून! हत्यारे तशीच टाकून.”

“हत्यारे टाकून गेला, म्हणजे परत येणार.”

“आला, तरी कशावरून नीट बसवील? दुसरा आणला, तर त्याचा तरी काय भरवसा? बुवा, प्रमिला पुन्हा पडली तर... मला खात्री हवी आहे.”

“आणि प्रमिलाबाई काय म्हणतात?”

“तिला यातले काय कळते! फरशीविषयी चकार शब्द नाही. त्या दाराआड पुन्हा जायचे नाही, एवढेच धरून बसली आहे.”

बुवांनी शेंगांचे सूप बाजूला सारले आणि गुडघ्यांवर हात टेकून ते उठले.

“पाय धुवायचे आहेत. जरा बरोबर चला.”

मठामागे उघड्यावर एक जुनी न्हाणी होती. तिचा दगड कोणी बसवला, हे मठात कोणालाच ठाऊक नव्हते. एका अंगाने तो खचला होता; कडेला शेवाळ धरले होते. बुवांनी बादलीतून तांब्याभर पाणी त्यावर ओतले. मग एक हात नीलकंठरावांपुढे केला आणि ओल्या दगडावर पाऊल टाकले.

“बुवा, सांभाळून!”

नीलकंठरावांनी तो हात दोन्ही हातांनी घट्ट पकडला. चष्मा नाकावरून घसरला, तो त्यांनी सावरला नाही. बुवांचे पाऊल किंचित सरकले. नीलकंठराव तेवढेच मागे रेलले. दुसरे पाऊल पडले. बुवांनी मोकळ्या हाताने पाणी घेतले, घोटे चोळले, टाचा एकमेकींवर घासल्या. घाई अशी नव्हतीच. नीलकंठरावांच्या वहाणा भिजल्या, विजारीच्या कडा भिजल्या.

कोरड्या जमिनीवर आल्यावर बुवांनी विचारले, “दगड ठोकून पाहिलात?”

“...नाही.”

“पाणी कोणीकडे वळते?”

“पाहिले नाही.”

“धरणे बांधणारा माणूस, आणि तांब्याभर पाणी कुठे गेले ते पाहिले नाहीत?”

“कसे पाहणार?” नीलकंठराव जवळजवळ ओरडलेच. “आपला हात धरला होता ना मी!”



नीलकंठरावांनी खाली पाहिले. बुवांचा हात अजून त्यांच्या हातांतच होता.

तो सोडून त्यांनी विचारले, “मग... सोपानला काय सांगू?”

“सांगा, फरशी तुझ्या मनाप्रमाणे बसव,” बुवा म्हणाले. “आणि जाताना न्हाणीघराच्या दाराची आतली कडी तेवढी काढून ने.”