टेंबे गुरुजी आणि खुडूक कोंबडी

टेंबे गुरुजी पहिल्याच दिवशी पोरांची तोंडं बघून हुशार पुढे आणि ढ मागे बसवायचे. मागच्यांना मग वर्षभर एकही प्रश्न विचारत नसत. मंजुळा मागे बसायची. विचारणारच नाहीत तर अभ्यास कशाला, म्हणून तिनं पुस्तक उघडणंच सोडलं होतं.

पालकसभेत गुरुजी तिच्या बापाला म्हणाले, "गणपा, काढ हिला शाळेतून. घरी कोंबड्या राखू दे. नासकं अंडं मी बघताक्षणी ओळखतो."

सभा हसली. बाप मान डोलवायला लागला, तशी मंजुळा उठली.

"गुरुजी, आमच्या खुडूक कोंबडीला तुमच्याएवढं कळत नाही. ती सगळ्या अंड्यांवर सारखी बसते आणि तीन आठवडे वाट बघते. मधेच उठून गेली, तर चांगलं अंडंही नासतं. तेव्हा माझी आय अंड्याला बोल लावत नाही, कोंबडीला लावते."

सभा पुन्हा हसली, पण आता गुरुजींकडे बघून. गणपाची मान डोलायची थांबली.

गुरुजी ताठ होते, तरी बोललेलं त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न मंजुळालाच विचारला. तिचं उत्तर साफ चुकलं.

"बस खाली," गुरुजी म्हणाले. "उद्या परत विचारणार आहे."

त्या संध्याकाळी मंजुळानं कोंबड्या टोपलीखाली डालल्या आणि कुणी न सांगता पुस्तक उघडलं.