अक्कलदाढीची तपासणी

सात डोंगरांपलीकडे एक जंगल होतं. तिथे वाघाचं राज्य होतं आणि लोकशाहीही होती. दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं.

त्या जंगलात सगुणा नावाची शिंपीण राहायची. शिंपीण म्हणजे चोचीनं पानाला पान शिवून घरटं करणारी चिमुकली पाखरीण. दरबाराच्या वाटेवरच्या पळसावर तिनं नुकतंच घरटं शिवलं होतं, आणि आत पिल्लं चोची वासून बसली होती.

इकडे महाराजांना एक काळजी लागली. ते बसायचे सिंहासनावर. बूड आपलं आणि नाव सिंहाचं, हे त्यांना खुपू लागलं. त्यांना व्याघ्रासन हवं झालं. त्यासाठी सगुणाचा पळस तोडायचं ठरलं. लाकूड चांगलं म्हणून नव्हे, ओंडका फार लांब न्यावा लागणार नाही म्हणून.

लोकशाही असल्यामुळे मतदान घेणं आलं. प्रधान तरसानं सुचवलं, की मत फक्त बुद्धिमानांनाच असावं.

मनाचा अभ्यास केलेले डॉक्टर घुबडे घसा साफ करून म्हणाले, "बुद्धी एका जातीची नसते, प्रधानजी. कुणाची शब्दांत चालते, कुणाची सुरात, कुणाची हातात. कुणाला वाटा कळतात, कुणाला दुसऱ्याचं मन कळतं. फार थोड्यांना स्वतःचं."

"एवढ्या अकला मोजायला माणसं... आपलं, जनावरं आणू कुठून?" तरस खेकसला. "अक्कलदाढ बघा. नावातच अक्कल आहे! ज्याला दाढ, त्याला मत."

दुसऱ्या दिवशी झाडाझाडावर घोषणा लागली: 'दाढ तिथे अक्कल, बाकी सारी नक्कल!'

तपासणी सुरू झाली. रानरेड्याची दाढ इतकी भक्कम निघाली, की त्याला तिथल्या तिथे शिक्षणखातं मिळालं. कोकिळा नापास झाली. मैलोन् मैल वाट न चुकणारी रानबदकं नापास झाली. मुंग्यांना तर तोंड उघडा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी ते आधीच उघडलेलं होतं, कुणाला दिसलं नव्हतं एवढंच. बगळ्यानं दाढ उगवून देण्याचे वर्ग काढले आणि पहिल्याच आठवड्यात फी वाढवली.

सगुणा हिशेब करू लागली. चोच आहे, दाढ कुठून आणायची? पळस जाणार, घरटं जाणार, पिल्लांना तर अजून पंखही फुटले नव्हते. तिला रडू आलं आणि मग राग आला. रागात तिला गेल्या वर्षीची एक गर्जना आठवली. त्या गर्जनेनं तिची अंडी हादरली होती. सरकारी निवेदनात ती 'शत्रूला इशारा' होती. प्रत्यक्षात महाराजांची अक्कलदाढ उपटली होती.

ती भर दरबारात गेली. "प्रधानजी, मतदारांत पहिला मान महाराजांचा. तपासणीही त्यांच्यापासूनच व्हायला हवी होती, नाही का?"

"म्हणजे काय! शोभतंच ते!" महाराज खूश झाले आणि त्यांनी जबडा उघडला.

पुढे बसलेला बेडूक, ज्याला कुठे काय बोलू नये हे कधीच कळलं नाही, मोठ्यानं म्हणाला, "अरेच्चा! महाराजांच्या तोंडात अकलेची जागा रिकामी आहे!"

तरसाला घाम फुटला, पण तो मुरलेला प्रधान होता. "बंधूंनो आणि भगिनींनो!" तो गरजला. "अक्कल एका जातीची नसते! हे आम्ही पहिल्यापासून सांगत आलो आहोत, पण विरोधकांनी दाढेचं राजकारण केलं!"

डॉक्टर घुबड्यांच्या गळ्यात हार पडला. महाराजांची बुद्धी नेमकी कुठल्या जातीची, असं कुणीतरी त्यांना विचारलं. "अभ्यास चालू आहे," ते म्हणाले आणि हारासकट ढोलीत गेले.

सगळ्यांनी मत दिलं आणि पळस वाचला. पण महाराजांचं तोंड एवढंसं झालं होतं. सगुणाला त्यांचीही दया आली. तिनं पळसाची गळलेली पानं शिवून वाघासारखी एक पट्टेरी झूल केली, सिंहासनाच्या पाठीवर घातली आणि म्हणाली, "बसा आता, महाराज. झालं व्याघ्रासन." महाराज तीनदा उठून तीनदा बसले. पुढे 'हस्तकलेला राजाश्रय' म्हणून त्याचा मोठा समारंभ झाला, त्यात सगुणाला बोलावायचं तेवढं राहून गेलं.

आता सगळं जंगल आनंदात आहे. पिल्लं उडू लागली आहेत. अकलेची ती जागा मात्र अजून रिक्तच आहे. भरतीची जाहिरात निघणार निघणार म्हणतात. बहुधा पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर निघेल.