दारामागचा किल्ला

पुण्यातल्या एका गेम कंपनीचे मालक रणधीर घोरपडे यांनी नव्या गेमच्या सोहळ्याला शलाका बिडकरला बोलावलं. गेमबद्दल ती परखड बोलायची, म्हणून खेळणारे तिचं ऐकत. हा गेम तिने आधीच खेळला होता. नायक मारामाऱ्या करत किल्ल्याच्या दाराशी पोहोचायचा, पण दारामागे किल्लाच नव्हता.

तिने विचारलं तेव्हा घोरपडे म्हणाले, "हल्ली सगळेच आधी विकतात. उरलेलं अपडेटमध्ये देतात. लोक थांबतात हो. तुम्ही फक्त चार चांगले शब्द बोला."

शलाका माईकपाशी गेली. "हा गेम मी मनापासून खेळले. माझं स्पष्ट मत आहे, की हा गेम..." एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली.

सभागृह गोंधळलं. घोरपडे कसनुसे हसले. "अहो, वाक्य तरी पुरं करा."

"उरलेलं अपडेटमध्ये देईन, साहेब," ती म्हणाली. "लोक थांबतात हो."

सभागृहात हशा पिकला. घोरपड्यांना माईक हातात घेऊन सांगावंच लागलं, की किल्ला बांधून होईपर्यंत गेम विकायला येणार नाही. त्यावर सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या मागच्या रांगेतल्या, गेम बनवणाऱ्या मंडळींनी. वेळ वाढवून द्या म्हणून ही मंडळी घोरपड्यांना केव्हापासून विनवत होती.